मोडीचा भाव

आमच्या बारामती-इंदापूरकडे 'शेअर' हा शब्द चांगला जुना आहे, पण त्याचा दलाल स्ट्रीटशी काडीचाही संबंध नाही. शेअर म्हणजे साखर कारखान्याचा शेअर. तो असला की माणूस सभासद होतो, सभासद झाला की त्याचा ऊस वेळेवर तुटतो (निदान कागदावर तरी), दिवाळीला सवलतीची साखर मिळते आणि वार्षिक सभेत उभं राहून अध्यक्षांना दोन प्रश्न विचारता येतात. उत्तरं मिळत नाहीत, पण प्रश्न विचारल्याचं समाधान मिळतं. या शेअरचा भाव रोज वर-खाली होत नाही. लाभांशालाही सहकार कायद्याने पंधरा टक्क्यांचं वेसण घातलेलं आहे. भवानीनगरपासून माळेगावपर्यंत कुणी सकाळी उठून 'आज आपला कारखाना किती टक्के पडला?' असं विचारत नाही. आमच्याकडे पडतं ते पॅनेल, आणि तेही पाच वर्षांतून एकदाच.

आता मात्र पोरांच्या हातात मोबाईल आले आणि शेअर या शब्दाची पार रया गेली. भिगवणला चिलापी तळून यायची वाट पाहत बसलेली चार पोरं पूर्वी राजकारणावर बोलायची, आता स्मॉलकॅपवर बोलतात. त्यांच्या बोलण्यात कंपनी काय करते हे कधीच येत नाही. ती 'किती पट होणार' एवढंच येतं.

माझा भाचा या पोरांपेक्षा एक पायरी वरचा आहे. तो बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, वाचतो, आकडेमोड करतो, आणि म्हणूनच जास्त धोकादायक आहे. अडाणी माणूस स्वतःचे पैसे घालवतो, शिकलेला माणूस वडिलांचे घालवतो. दाजींच्या उसाचं बिल जमा झालं होतं आणि ते एका लहानशा गेमिंग कंपनीत घालावं असा त्याचा बेत होता.

"मामा, कंपनी नेट-नेटच्या खाली मिळतीय!" तो म्हणाला.

"इथं एक नेट धड येत नाही," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "याला दोन-दोन कुठून मिळाली?"

तर हे नेट-नेट म्हणजे काय, ते आधी सरळ मराठीत सांगतो. कारण ही विद्या मुळात वाईट नाही. माझं भांडण विद्येशी नाही, ती कुठल्या दुकानात वापरायची याच्याशी आहे.

अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहम नावाचे गृहस्थ होऊन गेले. १९२९ च्या मंदीत त्यांचे हात चांगलेच पोळले होते. १९३४ साली त्यांनी डेव्हिड डॉड यांच्याबरोबर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचा हा हिशेब असा, की कंपनीचं भविष्य विसरा, आज रात्री ती मोडीत काढली तर हातात काय येईल तेवढं बघा. रोकड असेल ती शंभर टक्के धरा. लोकांकडून येणं असेल ते पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास, कारण उधारी सगळी कुणाचीच वसूल होत नाही. गोदामातला माल निम्म्याने. इमारत, यंत्रं, जमीन, नावलौकिक, सगळं शून्य. या बेरजेतून कंपनीचं देणं पैन् पै वजा करा. उरलं ते नेट-नेट खेळतं भांडवल. आणि शेअर त्याच्याही दोन-तृतीयांश भावात मिळाला, तरच हात लावा.

वाचकहो, हा ग्रॅहम कोण ते ओळखलंत का? हा आपला भंगारवाला! जळालेली पाच हॉर्सपॉवरची मोटार तुम्ही त्याच्यापुढे ठेवता आणि सांगता, "ही आमच्या वडिलांनी घेतलेली, हिने वीस वर्षं विहीर उपसली." तो तुमचे वडील ऐकत नाही, विहीर ऐकत नाही. तांबं किती, बिडाचं वजन किती, एवढंच बघतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्या भावात भावना नसते, म्हणून तो भाव खरा असतो.

उधारी पंचाहत्तर टक्के धरावी, हे ऊसवाल्याला शिकवायला तर अमेरिकेतून कुणी येण्याची गरजच नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायला हवं. 'मिळायला हवं' आणि 'मिळालं' यांच्यामधल्या अंतरात आमच्या चार पिढ्यांची लग्नं लांबली आहेत. फक्त जमीन शून्य धरायची, हे कळल्यावर दाजी हबकले. "शून्य? त्या गोऱ्याला म्हणावं, निरा कालव्याच्या कडेला एक गुंठा मागून बघ!" दाजींचंही चूक नाही. गिरणगावात १९८२ च्या संपानंतर यंत्रं भंगारात गेली आणि सोनं झालं ते गिरण्यांच्या जमिनीचं. पण ग्रॅहमचा बाणा असा, की जे उद्या सकाळी विकता येत नाही ते मोजायचंच नाही. असो.

भाच्याने कागद पुढे ठेवला. कंपनीचं नाव मी सांगत नाही, आकडेही गोल करतो. रोकड वीस कोटी. येणं सोळा कोटी, त्याचे पंचाहत्तर टक्क्यांनी बारा. 'माल' चार कोटी, त्याचे निम्मे दोन. एकूण चौतीस. देणं दहा. राहिले चोवीस कोटी. शेअर एक कोटी वीस लाख. म्हणजे शेअरमागे वीस रुपये, आणि बाजारात भाव बारा! दोन-तृतीयांशाच्याही खाली. "मामा, रुपयाची नोट साठ पैशांत!" भाच्याचे डोळे चमकत होते.

आता मी काही चार्टर्ड अकौंटंट नव्हे. पण साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल वाचण्यात माझी हयात गेली आहे. त्यामुळे अहवाल मागच्या बाजूने, म्हणजे बारीक अक्षरांच्या टिपांपासून वाचायचा, एवढं मला कळतं. पुढच्या पानांवर अध्यक्षांचा फोटो असतो, मागच्या पानांवर त्यांचे नातेवाईक.

पहिला प्रश्न मी विचारला तो मालाचा. गेमिंग कंपनीचं गोदाम असतं कुठे? किराणा दुकान मोडीत निघालं तर साखर, तेल, साबण निम्म्या भावात तरी उचलतात. अर्धवट झालेला खेळ कोण उचलणार? ज्यात बैल अजून काढायचा राहिलाय, गाडी तेवढी तयार आहे, अशी मोबाईलवरची शर्यत घेऊन तुम्ही भंगारवाल्याकडे गेलात तर तो मोबाईल वजनावर घेईल. म्हणजे ते दोन कोटी गेले.

दुसरा प्रश्न येण्याचा. सोळा कोटींपैकी आठ कोटी प्रवर्तकांच्या मेव्हण्यांच्या कंपनीकडून यायचे होते, आणि गेली तीन वर्षं ते नुसते यायचेच होते. मेव्हण्याची उधारी पंचाहत्तर टक्के धरणारा माणूस एक तर अविवाहित असला पाहिजे किंवा स्वतःच मेव्हणा असला पाहिजे. तेही आठ कोटी सोडून द्या. राहिलेल्या आठांचे सहा. आता पुन्हा बेरीज करा. वीस आणि सहा सव्वीस, वजा दहा. सोळा कोटी. शेअरमागे तेरा रुपये तेहतीस पैसे. वीसाचे तेरा व्हायला चहाचा एक कप पुरला.

"तरी बारापेक्षा जास्तच आहे की," भाचा म्हणाला. पोरगं चिवट आहे, आमच्या बाजूचं आहे.

मग तिसरा प्रश्न. कंपनी महिन्याला किती गमावते? पंचाहत्तर लाख. बाजारात तिची किंमत चौदा कोटी चाळीस लाख, आणि मोडीचा भाव सोळा कोटी. मधे अंतर एक कोटी साठ लाखांचं. दरमहा पंचाहत्तर लाख जाळणाऱ्या चुलीत ते किती दिवस टिकणार? दोन महिने. ज्या अहवालावरून तू हा हिशेब करतोयस तो छापून येईपर्यंतच दोन महिने उलटून गेलेले असतात, बाबा! भंगाराला गंज लागतो, पण तो सावकाश लागतो. गेमिंग कंपनीची सारी मालमत्ता म्हणजे दोन पायांवर चालणारी तरणीताठी पोरं. ती संध्याकाळी लिफ्टने खाली उतरतात आणि जास्त पगार मिळाला तर सकाळी परत वर येत नाहीत. रोकड मात्र त्यांच्या पगारापायी रोज वितळते.

आमच्या इंदापूरकरांना ही गोष्ट उजनीने शिकवलेली आहे. धरण भरलं की पळसदेवपासून पाणीच पाणी दिसतं. पण ११७ टीएमसीच्या आसपास क्षमता असलेल्या त्या धरणात ६३ टीएमसी मृत साठा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी नुसतं असतं, कालव्यात येत नाही. 'धरण मायनसमध्ये गेलं' हे वाक्य आमच्याकडे शाळकरी पोरही बोलतं, आणि मायनसमध्ये गेलेल्या धरणातही डोळ्यांना पाणी दिसतंच. ताळेबंदातली रोकडही अशीच असते. त्यात खेळाडूंनी भरलेल्या ठेवी किती, बँकेकडे तारण अडकलेली किती, हे न बघता 'वीस कोटी आहेत' म्हणणं म्हणजे मृत साठ्यावर उसाची लागण करणं.

आणि समजा सगळं खरं असलं, तरी ते पैसे तुला देणार कोण? भंगारवाला अख्खी मोटार विकत घेतो, हातगाडीवर टाकतो, घरी नेऊन फोडतो. तू विकत घेतोस त्या मोटारीचा एक नट! मोटार फोडायची की नाही हे ठरवणार प्रवर्तक. चांगल्या चालत्या स्थितीत कंपनीचा गाशा गुंडाळायला तीन-चतुर्थांश मतं लागतात. ज्याचं पोट त्या कंपनीच्या पगारावर आणि मेव्हण्याचं तिच्या उधारीवर चाललंय, तो कशाला गुंडाळेल? खुद्द वॉरन बफे यांनी १९६२ साली बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी साडेसात डॉलरने घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिचं खेळतं भांडवलच शेअरमागे दहा डॉलरच्या वर होतं. स्वस्त तर होतीच! पण ती गिरणी त्यांनी वीस वर्षं रेटली आणि १९८५ साली बंद केली. ती खरेदी चुकलीच, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. त्यांच्याकडे तर अख्खी मोटार होती!

त्यातून गेमिंगचा धंदा असा, की त्याचं सर्वांत मोठं देणं कधीकधी ताळेबंदात नसतंच. गोव्यात मांडवीत तरंगते कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला सप्टेंबर २०२३ मध्ये जीएसटीची नोटीस आली. एकट्या कंपनीवर सुमारे ११,१३९ कोटींची आणि उपकंपन्या धरून १६,८०० कोटींच्या घरात. बाजारात त्या कंपनीची सगळी मिळून किंमत त्या पहिल्या आकड्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. कर मिळकतीवर लावायचा की लावलेल्या प्रत्येक पैजेवर, असा वाद होता आणि कंपनी हायकोर्टात गेली. पण आदल्या दिवशी ताळेबंद मांडून बसलेल्या ग्रॅहमभक्ताला 'देणं' या रकान्यात ते कुठे दिसणार होतं? शेअर मात्र एका दिवसात धाडकन आपटला.

उलटी गोष्टही सांगतो, म्हणजे म्हाताऱ्यावर अन्याय नको. नझारा टेक्नॉलॉजीज या मुंबईच्या गेमिंग कंपनीने पोकरबाझी चालवणाऱ्या कंपनीत ४६ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पोकरबाझीला पैशांचे डाव बंद करावे लागले. मग त्या गुंतवणुकीवर नझाराला मोठी रक्कम बुडीत धरावी लागली. ग्रॅहमच्या मोजपट्टीने हा हिस्सा पहिल्या दिवसापासून शून्यच होता! अशा वेळी म्हाताऱ्याच्या कंजूषपणाला साष्टांग नमस्कार घालावासा वाटतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नेट-नेट हे विकत घेण्याचं शास्त्र म्हणून गळ्यात बांधून घेऊ नका, ते नकार देण्याचं शास्त्र आहे. कंपनी 'दहापट होणार' असं कुणी सांगितलं, की मोडीचा भाव काढा. तो शून्याच्या खाली निघाला, तर तुम्ही शेअर घेत नसून नुसती आशा घेत आहात, हे ओळखा. आणि तो बाजारभावापेक्षा जास्त निघाला, तर आनंदाने उड्या मारू नका. इतक्या लोकांनी पाहून सोडून दिलेली वस्तू आपल्यासाठीच का राहिली, हे विचारा. ग्रॅहमही असा एकच शेअर घ्या असं कधी म्हणत नसत, तीसेक घ्या म्हणत, कारण त्यातले काही सडके निघणार हे त्यांनी धरलेलंच असे. दाजींचं एका हंगामाचं बिल म्हणजे तीस शेअर नव्हेत. ते म्हणजे सोसायटीचं कर्ज, खताची उधारी आणि धाकटीची फी. शिवाय अशा लहान शेअरला लोअर सर्किट लागलं की विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. बाजारात नेलेली भाकड गाय निदान हाताला धरून परत तरी आणता येते.

आणि एवढं सगळं ऐकूनही ज्याला घ्यायचाच असेल त्याने जरूर घ्यावा. फक्त पैसे स्वतःच्या पगारातले असावेत, आणि घेण्यापूर्वी गावातल्या भंगारवाल्याला एकदा विचारावं, "काय हो, अख्खी मोटार न घेता तिचा एक नट तुम्ही कितीला घ्याल?"

तो जे उत्तर देईल, त्याला शास्त्रात 'सुरक्षेचं अंतर' म्हणतात. ग्रॅहमला ते समजावून सांगायला ग्रंथ लिहावा लागला. आमचा भंगारवाला नुसता हसतो आणि हातगाडी पुढे ढकलतो.