एटी बिनधास्त, आरटी जपून

रेडिओ मोडेमला टाईप करून हुकूम सोडणं आजकाल जुनाट वाटतं खरं. १९८१ साली हेजच्या स्मार्टमोडेमने ही पद्धत रूढ केली. आधी एक सेकंद गप्प, मग +++, मग पुन्हा एक सेकंद गप्प. म्हणजे मोडेमला कळतं की हा पुढे पाठवायचा मजकूर नाही, आपल्याशीच बोलणं चाललंय. त्यानंतर एटीने सुरू होणारी कमांड. ड्रोनवर बसवतात त्या सिक फर्मवेअरच्या टेलिमेट्री रेडिओत आजही हेच चालतं, आणि मला ते मनापासून आवडतं. कमांड वहीत लिहून ठेवता येते, स्क्रिप्टमध्ये घालता येते, फोनवरून मित्राला सांगता येते. 'तिसऱ्या टॅबमधलं ते निळं बटण.. नाही रे, त्याच्या खालचं' असा तमाशा नाही :-)

सिकमधली खरी मजा म्हणजे आरटी. एटीऐवजी आरटी लिहिलं की तीच कमांड हवेतून पलीकडच्या रेडिओला जाते. एटीआय५ म्हणजे माझी सेटिंग्ज, आरटीआय५ म्हणजे त्याची. फरक एका अक्षराचा!

पण एटी चुकलं तर रेडिओ आपल्या टेबलावर असतो. आरटीचं तसं नाही. समजा पलीकडचा रेडिओ लांबच्या पाण्याच्या टाकीवर आहे आणि डेटा जरा वेगात यावा म्हणून हवेतला वेग ६४ वरून २५० करायचाय. आरटीएस२=२५०, मग आरटी&डब्ल्यू करून साठवायचं. आपल्या बाजूलाही तेच. मग आधी आरटीझेड, नंतर एटीझेड, दोन्ही रीबूट. सगळं अगदी नियमाप्रमाणे. आणि समोर शांतता! कारण वेग वाढला की पल्ला कमी होतो. आता त्याला परत ६४ वर आणायचं तर ते २५० वरूनच सांगावं लागणार, आणि २५० तर तिथवर पोचतच नाही. आरटीएस४ ने त्याची पॉवर फार कमी केली तरी हीच गत. मग काय, चढा टाकीवर.

यावर 'आधी नीट टेस्ट करा ना' असं ऐकवणारे भेटतात. अहो, टेबलावर एक मीटरवर सगळंच पास होतं.

जुनिपरच्या राउटरवर यासाठी 'कमिट कन्फर्म्ड' आहे. बदल लागू होतो, पण दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा होकार दिला नाही तर राउटर आपणहून जुन्या सेटिंगवर जातो. बास, इतकंच. माझं म्हणणं, ज्या रेडिओला दुरून हुकूम देता येतो त्यात हे असलंच पाहिजे. ही चैन नाही. 'छोट्या चिपमध्ये जागा कुठे' ही सबब मला पटत नाही. एक टायमर आणि जुन्या सेटिंग्जची प्रत, याला जागा लागते कितीशी?

एक्सबी वापरत असाल तर एक जुगाड आहे. तिथे डब्ल्यूआर दिल्याशिवाय बदल कायमचा साठत नाही. म्हणून दूरच्या एक्सबीच्या वीजपुरवठ्यावर एक टायमर लावायचा. वीज जाऊन आली की जुनी सेटिंग्ज परत. नवीन सेटिंगवर बोलणं जमलं, तरच डब्ल्यूआर पाठवायचं.

सिकमध्ये बहुतेक सेटिंग्ज साठवून रीबूट केल्यावरच लागू होतात, त्यामुळे हा जुगाड तिथे चालत नाही. पण त्याचा सोर्स तर खुला आहे. रीबूटनंतर दहा मिनिटं समोरून काही ऐकू आलं नाही तर जुनी प्रत उचल, एवढंच तर लिहायचंय. कोणाला हा वीकेंड मोकळा असेल तर सांगा.