बॉटला कसली गोपनीयता?

पॅरिसवर १३ नोव्हेंबर २०१५ रोजी हल्ला झाला, १३० माणसं मारली गेली आणि आठवडा उलटायच्या आत टेलिग्रामने ‘इसिस’ची ७८ चॅनेल बंद केल्याचं जाहीर केलं. पुढे अशा बंदीचे रोजचे आकडे येऊ लागले. तरी चॅनेल उगवत राहिली, कारण दाराशी बॉट बसवलेला होता.

बॉट म्हणजे माणसाविना चालणारं खातं. ‘स्टार्ट’ दाबलं की क्षणात नव्या चॅनेलची लिंक हातात पडते. ती थोड्याच वेळात निकामी होते. तपास करणारा उशिरा पोचला तर त्याला दार बंद. रात्री चॅनेल उडवलं तरी सकाळी जुने वाचक नव्या पत्त्यावर गोळा होतात. कल्याणचे चार तरुण २०१४ साली ‘इसिस’साठी इराकच्या वाटेला लागले, तेव्हा टेलिग्रामवर बॉटची सोयच नव्हती. आज त्या वयाच्या मुलाला पत्ता सांगायला माणूस जागा असावा लागत नाही.

यावर कंपनीचं उत्तर ठरलेलं: गोपनीयता. दहशतवादाच्या भीतीपेक्षा ती मोठी, असं संस्थापक पावेल दुरोव पॅरिसच्या हल्ल्याआधी दोनच महिने म्हणाले होते. दोन माणसांचं खासगी बोलणं जपलंच पाहिजे. हुकूमशाहीत जगणाऱ्या पत्रकारांचा तो आधार आहे. पण टेलिग्रामचं ‘सीक्रेट चॅट’ दोन माणसांतच होतं, बॉटशी होत नाही. प्रत्येक बॉट जन्मतो तो कंपनीच्याच ‘बॉटफादर’पाशी. बॉट चालवायची किल्ली, म्हणजे टोकन, तिथूनच मिळते आणि बॉटचा एकूण एक निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. टोकन रद्द केलं की बॉट मुका. इथे कोणाच्या खासगी आयुष्यात डोकवावं लागत नाही.

हे जमतं, याचा पुरावाही आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेबरोबर टेलिग्रामने चॅनेल, ग्रुप, खाती आणि बॉट एकदम उखडले. जाळं विस्कटलं, प्रचारक टॅमटॅम, हूप अशा दुसऱ्या ॲपच्या आडवाटांना लागले. पॅरिसनंतर अशा मोहिमेला चार वर्षं का लागली, याचं उत्तर कंपनीने द्यायला हवं. रोजच्या बंदीचा बॉट आणि चॅनेल मिळून एकच आकडा छापणं तिने थांबवावं. बॉट किती, प्रत्येक किती दिवस चालला आणि त्याने किती जणांना लिंक दिली, हे वेगळं सांगावं. ही नोंद कंपनीच्याच सर्व्हरवर असते.