‘दाम’ या शब्दाची साक्ष

बारामती-इंदापूरच्या बाजारात ‘दाम’ हा शब्द आपण सहज वापरता. त्याचे मूळ ‘द्राख्मे’ या ग्रीक नाण्याच्या नावात आहे. त्याच नावापासून इराणच्या सासानी राजांच्या (इ. स. २२४ ते ६५१) चांदीच्या नाण्यास ‘द्रह्म’ आणि संस्कृतात ‘द्रम्म’ हे नाव मिळाले.

सासानी नाण्याच्या एका बाजूस मुकुटधारी राजा व दुसऱ्या बाजूस अग्निवेदी असे. हूणांमार्फत ते भारतात रुळले. पश्चिम भारतात त्याच्या नकलांच्या नकला होत गेल्या आणि राजमुख केवळ रेषा-ठिपक्यांपुरते उरले. हीच ‘गधैया’ नाणी. तरीही ती शतकानुशतके चलनात राहिली.

शब्दाचेही तसेच झाले. ‘कर्म’चे ‘कम्म’ व पुढे ‘काम’ झाले, त्याच नियमाने ‘द्रम्म’चे ‘दम्म’ व पुढे ‘दाम’ झाले. अशा बदलास ‘बिघाड’ म्हणणे मला मान्य नाही. मग ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी आपली बोलीच तेवढी अशुद्ध कशी? उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी अवश्य लिहा. मात्र घरच्या बोलीची लाज बाळगू नका. भाषेचा अभ्यास तिच्यापासूनच सुरू होतो.