‘आता काटाच पडणार’: एका समजाची परीक्षा

संभाव्यतेच्या प्राथमिक अभ्यासात एक समज इतका खोल रुजलेला आढळतो की, सुशिक्षित माणसेही त्यालाच नियम मानून चालतात. पूर्वपक्ष असा : निर्दोष नाणे पुष्कळ वेळा फेकले असता छापा आणि काटा यांचे प्रमाण समसमान होत जाते, म्हणून सलग दहा वेळा छापा पडला असेल, तर ती तफावत भरून काढण्यासाठी यापुढे काटा अधिक वेळा पडलाच पाहिजे. ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार’ हे घरोघरी ऐकू येणारे भाकीत याच विचारातून निघते, आणि लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात पुत्रप्राप्तीसाठी उत्सुक असलेल्या पित्यांची अशीच चुकीची गणिते नोंदवून ठेवली आहेत.

या युक्तिवादातील आधारविधान खरे आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे. याकोब बेर्नुली याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये, प्रकाशित झालेल्या ग्रंथातील सिद्धान्त, ज्याला आज महासंख्यांचा नियम म्हणतात, तो सापेक्ष वारंवारतेविषयी, म्हणजे एकूण फेकींपैकी किती हिस्सा छाप्याचा पडला याविषयी बोलतो. छापे व काटे यांच्या संख्येतील फरक मिटेल, असे तो कोठेही म्हणत नाही. नाण्याच्या फेकी परस्परांपासून स्वतंत्र असतात, म्हणजे आधीच्या निकालाचा पुढच्या निकालावर काहीही परिणाम होत नाही. उलट, सलग दहा छापे पाहून काही शंका घ्यायचीच असेल, तर नाणे सदोष असावे अशी घ्यावी, आणि ती शंका खरी ठरली तर पुढेही छापाच पडण्याची शक्यता अधिक.

यावर आक्षेप येतो की, भरपाई होतच नसेल तर प्रमाण निम्म्यापाशी पोहोचते कसे? हा प्रश्न रास्त आहे आणि खरे शिक्षण येथूनच सुरू होते. पहिले दहा छापे धरून एकूण १००० फेकी केल्यास उरलेल्या ९९० फेकींत सुमारे ४९५ छापे अपेक्षित असतात, म्हणजे एकूण ५०५, अर्थात ५०.५ टक्के, १०,००० फेकींत हीच अपेक्षा ५००५, म्हणजे ५०.०५ टक्के. आरंभीचे पाच अधिकचे छापे कोणी पुसले नाहीत. वाढत्या फेकींत ते नगण्य झाले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने नाणे प्रत्यक्ष १०,००० वेळा फेकले, तेव्हा पहिल्या १०० फेकींत ४४ छापे पडले होते आणि अखेरीस ५०६७. निम्म्यापासूनचे अंतर ६ वरून ६७ वर गेले, पण टक्केवारीतले अंतर ६ वरून ०.६७ वर उतरले. संख्येतील फरक वाढत असतानाही प्रमाण स्थिरावू शकते, ही एक गोष्ट नीट उमगली की विमा, मतचाचणी आणि नमुना-पाहणी यांचा पाया समजण्याची वाट मोकळी होते.

पाठ्यपुस्तकात एक-द्वितीयांश हे उत्तर आधी सांगून मग उदाहरणे सोडवून घेण्याची पद्धत या समजाला हातही लावत नाही. शिक्षकांनी वर्गात नाणे फेकून घ्यावे, फळ्यावर फरकाचा आणि प्रमाणाचा असे दोन स्वतंत्र स्तंभ मांडावेत, आणि सूत्राकडे त्यानंतरच वळावे.