तोडलेला ऊस आणि विमानातली रिकामी खुर्ची



ऊस विकास विभागाने बेणे-खते सोडून विमानांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण शिर्डीला २०१७ पासून विमान उतरते आणि आपल्यापैकी पुष्कळांची मुले बंगलोर-दिल्लीला नोकरीला आहेत. विषय आता परका राहिलेला नाही.

या धंद्याचे मर्म ऊसवाल्याला चटकन कळेल. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो. विमानातली रिकामी खुर्ची त्याहून नाशवंत. विमान उडाले की तिची किंमत शून्य. इंधन, वैमानिकाचा पगार, डॉलरमध्ये द्यायचे विमानाचे भाडे मात्र चुकत नाही. म्हणून मिळेल त्या दराने तिकीट विकायचे, शेजाऱ्याने शंभर उतरवले की आपण दीडशे. प्रवासी खूष, पण कंपनी खोडकिडीच्या उसासारखी होते. बाजूची पाने हिरवी, पोंगा ओढला की अलगद हातात.

१९५३ साली सरकारने आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी केली. पुढे चाळीसेक वर्षे प्रवाशाला दुसरे दार नव्हते. १९९४ मध्ये तो कायदा गेला, खासगी कंपन्या रीतसर आल्या. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली. हा गृहस्थ लष्करातून बाहेर पडून हासन जिल्ह्यात शेती करणारा, रेशीम पिकवणारा, म्हणजे आपल्यातलाच म्हणा ना! साध्या माणसाला विमानात बसवले ते त्यांच्या स्वस्त तिकिटाने. पण तोटा पेलवेना. कंपनी किंगफिशरकडे गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कामगारांचे पगार, प्रवाशांचे पैसे अडकले. कारखाना बंद पडल्यावर ऊसबिलाचे काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. आता देशातल्या शंभर प्रवाशांत साठांहून जास्त एकट्या इंडिगोचे, उरलेल्यांत बहुतेक एअर इंडियाचे.

एकत्र आल्याने कंपन्या सशक्त होतात, असे जाणकार म्हणतात. आम्हाला ते निम्मेच पटते. डिसेंबर २०२५ मध्ये काय झाले? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीच लागू झाले होते, इंडिगोची तयारी अपुरी पडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द! दुसऱ्यांचे दर भडकले, तेव्हा सरकारला पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांची मर्यादा घालावी लागली. एकाची गव्हाण बंद पडली आणि सगळ्या तालुक्याच्या गाड्या रस्त्यावर, असा प्रकार.

दर बांधून देणे हा तात्पुरता उपाय. आमच्या मते खरी किल्ली विमानतळावरच्या वेळांत आहे. मुंबईला सकाळी उतरण्याची वेळ म्हणजे कालव्याच्या तोंडाशी जमीन. जेट बंद पडली तेव्हा तिच्या वेळा उरलेल्या कंपन्यांनाच वाटल्या गेल्या, मग नवा माणूस येणार कुठून? नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळांतला काही हिस्सा सरकारने लहान आणि नव्या कंपन्यांसाठी राखून ठेवावा, आणि तो मोठ्यांना विकत घेता येणार नाही अशी अट आत्ताच घालावी.