जाहीर आवाहन : लेकराच्या पोटातली गाठ अंगावर काढू नका

बीड जिल्ह्यातील आईवडील, ऊसतोड कामगार, मुकादम, आशाताई, अंगणवाडीताई आणि डॉक्टर मंडळी,

दसरा झाला की आपले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मोठी मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अंगावर पिणारी, अंगणवाडीच्या वयाची लेकरं आईबरोबर फडावर जातात. न्यूरोब्लास्टोमा हा मज्जापेशींचा कर्करोग याच वयाचा. त्याचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत किंवा मणक्यालगत, कच्च्या राहिलेल्या पेशींतून त्याची गाठ होते. तो संसर्गाने पसरत नाही, ग्रहणाने किंवा करणीने होत नाही.

यावर आता नवी औषधं येत आहेत. साधारण पाचांपैकी एका गाठीत एमवायसीएन जनुकाच्या जादा प्रती असतात आणि त्यापासून बनणारं प्रथिन पेशींची वाढ थांबू देत नाही. या प्रथिनाला औषध चिकटेल अशी जागा सापडणं अवघड, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या हाताखालच्या प्रथिनांकडे मोर्चा वळवला. त्यातलं एक रोखणारं एफ्लोर्निथिन हे आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचं जुनं औषध. जास्त धोक्याचा हा कर्करोग उपचारानंतर उलटू नये म्हणून अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एएलके हे प्रथिन दुसरं लक्ष्य. काही गाठींत ते बिघडलेलं असतं, हे २००८ मध्ये कळलं. पण कोणत्या लेकराच्या गाठीत काय बिघडलंय, हे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय समजत नाही. तिथवर लेकरू वेळेत पोचवणं आपल्या हातात आहे.

म्हणून विनंती :

आईवडिलांनो, पोटात टणक गाठ, मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं होणं, डोळा पुढे येणं, चालतं मूल लंगडणं, न उतरणारा ताप, फिकटपणा यांपैकी काही दिसलं तर लगेच दाखवा. अशा बहुतेक मुलांना कर्करोग नसतो. तरी खात्री करून घ्या. गाठ चोळू नका, डाग देऊ नका.

मुकादमांनो, आजारी लेकरू दवाखान्यात नेण्याच्या दिवशी खाडा लावू नका. उचलीचा हिशेब नंतर होतो.

आशाताई, अंगणवाडीताई, टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून लहान मुलांची तपासणी करून घ्या.

डॉक्टरांनो, सलाईन लावण्याआधी पोटाला हात लावून बघा. शंका आली तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे चिठ्ठी देऊन पाठवा.

पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाचे उपचार होतात. मुंबईत सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत कर्करुग्ण मुलांची पालकांसह मोफत राहण्याची सोय होते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड गावी पेटीत ठेवू नका. फडावर बरोबर न्या.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पत्रक टोळीत मोठ्याने वाचून दाखवावं, आणि यंदा कोयता हलण्याआधी प्रत्येक लेकराचं पोट एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

आपले,
बीड जिल्ह्यातील काही आरोग्य कार्यकर्ते