शटर खाली ओढा!

चंदीगडच्या सेक्टर २२ मधील बाजाराला आता रात्र होण्याची गरज उरलेली नाही. जून २०२४ मध्ये तिथल्या प्रशासनाने दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली. शास्त्री मार्केटात रात्री दोन वाजता कोणाला मोबाइलचे कव्हर घ्यावेसे वाटले, तर त्याने खुशाल घ्यावे; आमचे भांडण त्याच्याशी नाही. आमचा सवाल एवढाच, की त्या घटकेला गल्ल्यापलीकडे जो उभा असेल, तो सकाळी किती वाजता उभा राहिला होता?

आदेशात अटी आहेत, आणि त्या उत्तम आहेत. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, पाच तासांनंतर विश्रांती, आठवड्यातून एक भरपगारी सुटी. एवढ्या सुंदर अटी वाचून कोणाचेही मन भरून यावे! पण याच आदेशाने १९५८ च्या पंजाब दुकाने कायद्यातील आठवड्याच्या बंदच्या दिवसापासून दुकानांना सूट दिली, आणि खरी मेख इथे आहे. बंदच्या दिवशी शटर वर असले की कायदा मोडलेला अख्ख्या बाजाराला दिसत असे. त्यासाठी निरीक्षक लागत नव्हता, रस्त्याने जाणारा पोरसुद्धा पुरे होता. आता सुटी दिली की नाही, हे फक्त हजेरीच्या रजिस्टरात दिसणार, आणि ते रजिस्टर मालकाच्या गल्ल्याशेजारी असणार. उघड्यावरचा हक्क उचलून मालकाच्या कपाटात ठेवला, याला सरकारी भाषेत व्यवसायसुलभता म्हणतात.

सर्वांना एकाच दिवशी मिळणाऱ्या सुटीची किंमत नारायण मेघाजी लोखंडे यांना कळली होती. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या घेतल्या. रविवारी सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा साध्या त्यातल्या मागण्या होत्या. मालकांनी त्या झुलवत ठेवल्या. ‘दीनबंधू’चे हे सत्यशोधक संपादक हटले नाहीत. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि १० जूनला गिरणीमालक संघाला रविवारची सुटी कबूल करावी लागली. भोंगाच वाजायचा नाही, मग कोण कोणाला कामावर ओढणार? नवऱ्याला मंगळवार, बायकोला गुरुवार आणि पोरांच्या शाळेला रविवार, अशी वाटून दिलेली सुटी घराला सुटी देत नाही. ती फक्त घरात झोपलेला एक माणूस देते.

आणि हे घडावे ते सेक्टर २२ मध्ये! नव्या राजधानीतल्या पहिल्या वसाहतींपैकी ही एक. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पियरे जानरे या वास्तुकारांनी इथे शाळा, बाजार, मोकळी हिरवळ आणि घरे पायी गाठता येतील अशी बेतली. ड्रूबाईंनी तर इथे शिपायांसाठी वस्ती आखली. तिकडे कॅपिटल संकुलात या शहराचा रचनाकार ल कॉर्ब्युझिएने सूर्याच्या चोवीस तासांचे चिन्ह कोरायला लावले, उजेडाचा अर्धा आणि अंधाराचा अर्धा. त्याच शहराच्या प्रशासनाने अंधाराचा अर्धा विक्रीला काढला.

मराठी वाचकाने इथे सुस्कारा सोडू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याच मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांत दिवसाचे काम नऊवरून दहा तासांवर आणि कारखान्यांत नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. मजूरमंत्री म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणला, याची त्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांना कोणीतरी आठवण करून द्यावी. एक उद्योगपती तरुणांकडे आठवड्याला सत्तर तास मागतो, दुसरा नव्वद मागतो आणि वर विचारतो, घरी बायकोचे तोंड किती वेळ बघणार? अहो, ज्याला घरी बसून बघायचे आहे त्याला बघू द्या. त्याचा हिशेब तुम्हाला कशाला?

माणूस कोळपला की त्याच्या हातात योगाची सतरंजी द्यायची, ही तर नवी लबाडी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले, की ‘बर्नआउट’ ही न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था आहे. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास राबणाऱ्याला पक्षाघाताचा धोका पस्तीस टक्क्यांनी वाढतो, हे २०२१ चे तिचेच अनुमान. हा धोका श्वास मोजून टळत नाही. तास मोजावे लागतात. पण ध्यानाच्या शिबिराला खर्च थोडा आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला पगार द्यावा लागतो, म्हणून शिबिरे भरतात.

कचेरी सुटल्यावर आलेला फोन न उचलण्याचा हक्क मागणारे सुप्रिया सुळे यांचे विधेयक २०१८ पासून वारंवार लोकसभेत मांडले जाते आहे. खासगी विधेयक कायदा झाल्याचे शेवटचे उदाहरण १९७० चे. म्हणजे ते सरकारनेच आणले पाहिजे.

तोवर चंदीगडच्या प्रशासनाने एवढे तरी करावे. रात्री दहानंतर उघड्या राहणाऱ्या दुकानाकडे दुसऱ्या पाळीची माणसे नसतील तर त्याची मुभा काढून घ्यावी. कोणाची पाळी कधी संपते आणि कोणाला कोणत्या वारी सुटी, हा तक्ता दारावर, गिऱ्हाइकाला वाचता येईल असा लावायला लावावा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या माणसाला बसण्याचा हक्क कायद्याने दिला. सेक्टर २२ च्या साडीवाल्याला एक स्टूल परवडणार नाही काय? आणि मुंबईच्या सरकारने आधी ते दहा आणि बारा तास मागे घ्यावेत, मग लोखंड्यांची जयंती साजरी करावी.